गोल झाल्यावर स्पीकर बंद ठेवा

फुटबॉल मी जितका पाहतो तितकाच ऐकतो. कॉर्नर मिळाला की स्टँडमधून चढत जाणारी गुणगुण, बचावपटूने ऐन वेळी पाय घातल्यावर उठणारा टाळ्यांचा कडकडाट, पंचांनी शिट्टी मारायला उशीर केला की पसरणारा संताप, हे सगळं मला खेळाचाच भाग वाटतं. चेंडू कुठे आहे हे डोळे मिटूनही पुष्कळदा कळतं. गेल्या काही वर्षांत या आवाजावर दुसरा एक आवाज स्वार झाला आहे. गोल होतो, हजारो माणसं एकदम उसळतात, आणि ती आरोळी पुरती वर जाण्याआधीच छतावरच्या स्पीकरमधून ठरलेल्या गाण्याचा तुकडा आदळतो. अर्ध्या मिनिटाने तो थांबतो तेव्हा खेळाडू मधल्या वर्तुळात परतलेले असतात आणि लोक खाली बसलेले असतात. तरुण प्रेक्षकांसाठी हे करावं लागतं, नव्या पिढीला नव्वद मिनिटं नुसता खेळ पुरत नाही, असं क्लबांकडून सांगितलं जातं. मला ते पटत नाही, आणि माझा आक्षेप तरुणांच्याच बाजूने आहे. मैदानावर त्यांना जे मिळू शकतं आणि दुसरीकडे कुठेच मिळत नाही, नेमकं तेच हा स्पीकर हिरावून घेतो.

माझ्या म्हणण्याला सर्वांत मोठा छेद देणारा पुरावा लिव्हरपूलचा आहे, म्हणून आधी तोच घेतो. फुटबॉलच्या मैदानावरचं जगातलं सर्वांत प्रसिद्ध समूहगान, ‘यू विल नेव्हर वॉक अलोन’, अॅनफिल्डवर स्पीकरमधूनच आलं. गाणं मुळात 1945 सालच्या ‘कॅरोसेल’ या अमेरिकन संगीतिकेतलं. लिव्हरपूलच्याच ‘जेरी अँड द पेसमेकर्स’ने 1963 मध्ये ते नव्याने गायलं आणि ते ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिलं आलं. त्या काळी अॅनफिल्डवर सामन्याआधी ताजी गाजलेली गाणी वाजवत, आणि कॉप या उभ्या प्रेक्षकांच्या स्टँडमधली पोरं त्यांच्याबरोबर गात. 18 एप्रिल 1964 रोजी आर्सेनलला 5-0 हरवून लिव्हरपूलने लीग जिंकली, त्या दिवशी बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ने कॉपचं चित्रीकरण केलं. त्यात हजारो तरुण एकमेकांना रेलून डुलत बीटल्सचं ‘शी लव्ह्ज यू’ गाताना दिसतात. म्हणजे तरुणांसाठी मैदानावर संगीत वाजवणं ही आजची टूम नाही, साठ वर्षांपूर्वीही ते होतंच. मग माझी तक्रार कशाबद्दल?

ते चित्रीकरण नीट ऐकलं की उत्तर सापडतं. त्यात ऐकू येतो तो कॉपचा स्वतःचा गळा. स्पीकरचं काम चाल शिकवण्यापुरतं होतं. ती देऊन तो बाजूला झाला आणि उरलेली दुपार स्टँडने आपल्या ताब्यात घेतली. लोकप्रियतेच्या यादीतून पुढे ‘यू विल नेव्हर वॉक अलोन’ उतरलं तरी लोकांनी ते सोडलं नाही, असं लिव्हरपूलमध्ये सांगतात. आजही सामन्याआधी तिथे ध्वनिमुद्रित गाणं लागतं, पण शेवटाकडे लोकांचाच आवाज मैदानभर होतो. आता गोलनंतरच्या गाण्याशी याची तुलना करा. ते वाजतं तेव्हा गाण्याची गरजच उरत नाही; वाजतं इतकं मोठ्याने की शेजाऱ्याचा आवाज कानी येत नाही. आणि गोलनंतरचे ते तीस सेकंद सामन्यातले सर्वांत सुपीक सेकंद असतात. लोकांना काय करावं कळत नसतं, अनोळखी माणसं एकमेकांना मिठ्या मारतात, आरोळीला आकार नसतो, आणि त्या गोंधळातून कुठल्यातरी कोपऱ्यातले दहाबारा जण काहीतरी सुरू करतात. कधी गोल करणाऱ्याचं नाव एखाद्या जुन्या चालीवर बसवलं जातं, कधी प्रतिस्पर्ध्याला टोमणा. ते पसरतं किंवा विरतं. या विरण्या-पसरण्यातूनच मैदानाची गाणी जन्मतात, आणि स्पीकर त्याच क्षणी मध्ये पडतो.

आयपीएल पाहणारे म्हणतील, तिथे डीजे आहेच की, आणि लोक त्याच्या इशाऱ्यावर आनंदाने ओरडतात. खरं आहे. पण क्रिकेटची घडण वेगळी आहे. दोन चेंडूंमध्ये, दोन षटकांमध्ये रिकामा वेळ असतो आणि तो भरायला संगीत चालतं. बेसबॉलचंही तसंच, शिकागोच्या रिगली फील्डवर 1941 सालीच ऑर्गन आला आणि दोन डावांमधल्या फटींत तो शोभला. फुटबॉलमध्ये पंचेचाळीस मिनिटं खेळ वाहत असतो. त्यातला ताण कुणी आखून दिलेला नसतो, तो चेंडूमागे हलतो, आणि त्याला साजेसा आवाज फक्त चेंडू पाहणारा माणूसच काढू शकतो. आपल्याकडे कोल्हापूरकरांना हे वेगळं सांगावं लागू नये. तिथले फुटबॉल संघ तालमींतून निघालेले: पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम. आणि तालमीच्या कुस्तीत हलगी असते. हलगीवाल्याची नजर पैलवानांवर असते. पकड घट्ट झाली, कुणी डाव टाकायला सरसावला, की हात वेगात पडतो, आणि दोघे नुसते मान धरून उभे राहिले तर ठेका सैलावतो. स्पीकरला ती नजर नाही. 1-0 ने आघाडी घेणारा गोल असो की 0-5 ने मागे असताना केलेला एकुलता गोल, त्याच्यापाशी एकच तुकडा.

प्रेक्षकांच्या आवाजाची किंमत किती, हे दोनदा जवळजवळ प्रयोगासारखं समोर आलं. 2012 च्या अखेरीस जर्मनीत मैदानावरच्या सुरक्षेचे नियम कडक करण्याचा घाट घातला गेला, तेव्हा बुंडेसलिगाच्या पाठीराख्यांनी निषेध म्हणून प्रत्येक सामन्याची पहिली 12 मिनिटं आणि 12 सेकंद गप्प बसायचं ठरवलं. 12 डिसेंबरला त्या प्रस्तावावर मतदान होणार होतं, म्हणून हा आकडा. भरलेल्या स्टेडियममध्ये खेळाडूंच्या हाका आणि बुटाने चेंडू मारल्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता. स्पीकर तर जागेवरच होते, गाणीही होती, पण ती पोकळी भरून काढणं त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. दुसरा प्रसंग करोनाचा. 2020 मध्ये रिकाम्या मैदानांवर खेळ सुरू झाला तेव्हा दूरचित्रवाणीवर सामना जिवंत वाटावा म्हणून इंग्लंडमध्ये प्रक्षेपणात आवाज मिसळला गेला. कोणता? एका व्हिडिओ गेमच्या संग्रहातला, प्रेक्षकांच्या आरोळ्यांचा आणि गाण्यांचा. संगीताने काम भागतं असं वाटलं असतं तर संगीत मिसळणं कितीतरी सोपं होतं. त्याच 2020-21 च्या हंगामात, जो जवळजवळ सगळा प्रेक्षकांविना झाला, प्रीमियर लीगमध्ये घरच्या संघांनी 144 सामने जिंकले आणि पाहुण्यांनी 153. यामागे एकच कारण होतं असं मी म्हणणार नाही. पण प्रेक्षक नसताना घरच्या मैदानाचा फायदा पुसला गेला, ही गोष्ट क्लबांनी तरी विसरू नये.

आता तरुणांविषयी. सोळा वर्षांच्या मुलाच्या खिशात जगातलं सगळं संगीत आहे. तेच ऐकायला तो बसचं भाडं आणि तिकिटाचे पैसे खर्चून मैदानावर कशाला येईल? तो येतो ते हजारो माणसांपैकी एक व्हायला, आणि आपल्या ओरडण्याने समोर काही घडू शकतं असं वाटून घ्यायला. या वयाच्या लोकांना करमणूक करवून घ्यायची नसते, त्यांना सामील व्हायचं असतं. मैदानावरच्या संगीताचा अलीकडचा इतिहास हेच सांगतो. ‘सेव्हन नेशन आर्मी’ची ती सात स्वरांची धून आज जगभर ऐकू येते, पण ती कुठल्या क्लबच्या जाहिरात विभागाने आणली नाही. 2003 मध्ये मिलानला सामन्यासाठी गेलेल्या बेल्जियमच्या क्लब ब्रुगच्या पाठीराख्यांनी ती बारमध्ये ऐकली आणि स्टँडमध्ये नेली. पुढे 2006 मध्ये रोमाच्या लोकांनी ती ब्रुगकडून उचलली, त्याच वर्षी इटलीने विश्वचषक जिंकताना ती सगळ्या देशाची झाली. स्पर्धांच्या आयोजकांनी ती स्पीकरवर घेतली ती त्यानंतर. किंवा 2016 च्या युरो स्पर्धेतले आइसलँडचे पाठीराखे आठवा. ढोलावर दोन ठोके, हजारो हात डोक्यावर नेऊन एकच टाळी, एक ‘हू’, आणि मग शांतता. पुन्हा दोन ठोके. मधलं अंतर हळूहळू कमी होत जातं. या प्रकाराची सगळी ताकद त्या मधल्या शांततेत आहे. इंग्लंडला हरवल्यावर, जेमतेम सव्वातीन लाख लोकवस्तीच्या देशाचे खेळाडू आपल्या लोकांसमोर उभे राहून हे करत होते. तेव्हा पार्श्वभूमीला कुणी नाचाचं गाणं लावलं असतं तर त्यातलं काहीही उरलं नसतं. आणि मैदानावरची ही गाणी कुठे छापलेली नसतात. नवखा पोरगा शेजारच्याचे शब्द पकडतो, अर्धे चुकतात, तिसऱ्या खेपेला बरोबर येतात. त्यासाठी शेजारचा ऐकू यावा लागतो.

यावर क्लबांचं उत्तर असतं की स्टँड आधीच गप्प आहेत, आम्ही फक्त ती पोकळी भरतो. इंग्लंडमध्ये अनेक मैदानं पूर्वीपेक्षा शांत झाली आहेत, हे मान्यच आहे. पण ती का झाली? 1989 मध्ये हिल्सबरोला चेंगराचेंगरी झाली. त्यात अखेर 97 जणांचा जीव गेला. तिच्या चौकशीच्या टेलर अहवालानंतर वरच्या दोन विभागांतल्या मैदानांवर सगळ्यांनी बसूनच सामना पाहायचा नियम आला. माणसांचे जीव वाचवणाऱ्या सुधारणांना कुणी विरोध करू नये. मात्र त्याच सुमारास तिकिटं महाग होत गेली, आणि मित्रांचा घोळका आयत्या वेळी पैसे देऊन एका कोपऱ्यात उभा राही ते दिवस गेले. आता जागेवर क्रमांक असतो. गाणारे चौघे चार दिशांना विखुरतात. याच देशात पाहुण्या पाठीराख्यांची बाजू मात्र सहसा सर्वांत मोठ्याने गाते. ते सगळे एकत्र असतात, बहुतेक वेळ उभेच असतात, आणि 2016 पासून प्रीमियर लीगमध्ये त्यांच्या तिकिटाला 30 पाउंडांची मर्यादा आहे. डॉर्टमुंडच्या दक्षिण स्टँडमध्ये सुमारे 25,000 माणसं उभी राहतात, इंग्लंडच्या बड्या क्लबांच्या मानाने फार कमी पैशांत, आणि ‘पिवळी भिंत’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या स्टँडला गप्प बसल्याचा दोष कुणी देत नाही. जानेवारी 2022 पासून इंग्लंडमध्येही कठडे बसवून उभ्याने पाहण्याची सोय पुन्हा सुरू झाली आहे. तरुणांना आणायचं असेल तर खर्च इथे करायला हवा. संगीत स्वस्त पडतं, म्हणून ते आधी सुचतं.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. स्टँडमधून सगळंच काही गोड येत नाही. वर्णद्वेषी घोषणा, समलिंगी खेळाडूंची हेटाळणी, मेलेल्यांवरून काढलेले टोमणे इंग्लंड, इटली, स्पेनच्या मैदानांनी ऐकले आहेत, आणि कोल्हापुरात दोन पेठांच्या ईर्ष्येतून हुल्लडबाजी झालेलीही सगळ्यांना ठाऊक आहे. लहान मुलांना घेऊन आलेल्या आईवडिलांना मोठं संगीत त्यापेक्षा बरं वाटत असेल तर मी त्यांना दोष देणार नाही. पण झाकलेली शिवी संपत नाही. ती कुणी दिली, कुठल्या रांगेतून आली, हे ओळखून त्या माणसाला बाहेर काढायला सुरक्षारक्षकाला आणि शेजाऱ्याला आधी ती ऐकू यायला हवी. शिवाय मुलं म्हणजे सगळी एकसारखी नसतात. स्वमग्न मुलांना एकाएकी आदळणारा आवाज सहन होत नाही, म्हणून संडरलँडच्या स्टेडियम ऑफ लाइटवर 2015 मध्ये त्यांच्यासाठी काचेआडची शांत खोली केली गेली, आणि नंतर इतर क्लबांनीही तसं केलं. माणसांचा आवाज तरी चढत चढत येतो, आधी चाहूल देतो. स्पीकर तेवढंही करत नाही.

राहतात ती नवी आणि लहान मैदानं, जिथे वारसा म्हणून मिळालेली गाणी नाहीत, किंवा दोनशेच माणसं आहेत. तिथे सामन्याआधी आणि मध्यंतरात गाणी जरूर लावावीत. मध्यंतरही पंधरा मिनिटांचंच ठेवावं. 2024 च्या कोपा अमेरिकाच्या अंतिम सामन्यात शकिराच्या कार्यक्रमासाठी ते 25 मिनिटांवर नेलं आणि घामाने निथळलेले खेळाडू ताटकळत राहिले, तसं नको. परंपरा नसली तर ती व्हायला फार वर्षं लागतात असंही नाही. बेंगळुरू एफसी 2013 मध्ये स्थापन झाला आणि त्याच्या पाठीराख्यांच्या ‘वेस्ट ब्लॉक ब्लूज’ या गटाने पहिल्या काही हंगामांतच स्वतःची गाणी उभी केली, केरळच्या ‘मंजप्पडा’चंही तेच. आणि निवेदकाला काही करायचंच असेल तर जर्मनीतली पद्धत घ्यावी. तिथे गोल झाल्यावर तो खेळाडूचं फक्त पहिलं नाव पुकारतो आणि थांबतो. आडनाव सगळं मैदान ओरडून सांगतं. तो पुन्हा पुकारतो, पुन्हा थांबतो. गोव्याच्या फातोर्ड्यात किंवा कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर असा निवेदक आला तर मला आवडेल, फक्त त्याचा माइक स्टँडच्या आवाजापेक्षा हळू ठेवावा.