टुईया

खान्देशातल्या पाचोऱ्यात राघू पोपट सगळ्यांच्या ओळखीचा. त्याचा भाऊबंद टुईया पोपट मात्र गावात रमत नाही. तो दक्षिणेकडच्या अजिंठा-सातमाळ्याच्या डोंगरांतला, गौताळ्याच्या, पाटणादेवीच्या पानझडी रानातला. दादर ज्वारी भरली की शेतांत उतरतो.

आधी ऐकू येतो. ‘टुई? टुई?’ काही विचारतोय असं वाटून मान वर करावी, तोवर थवा गिरक्या घेत बांधापलीकडे गेलेला. पाचोरा-जामनेरच्या छोट्या रेल्वेगाडीच्या खिडकीतून मात्र निवांत बघता यायचा. गाडीला कुठे घाई असायची! 2020 पासून तीही बंद.

नराचं डोकं पिकल्या आलुबुखाराच्या रंगाचं, मागच्या बाजूला निळी झाक. गळ्याला काळी कड, खांद्यावर तांबडा डाग, शेपटीचं टोक पांढरं. मादी राखी डोक्याची. राघू 42 सेंटिमीटरचा, हा 33 चा, त्यातही शेपटीच जास्त. कोकणातला भुंडा पोपट याहून चिमुकला, जेमतेम 14 सेंटिमीटर, झोपतोही उलटा लटकून. पण त्याला सह्याद्रीचं ओलं रान लागतं. आमच्या खान्देशी उन्हात तो कशाला येतोय!

टुईया कणसावर बसला की ते हळूच झुकतं. एकेक दाणा उपटून तो चोचीत फिरवतो, जिभेनं टरफल सोडवतो. थोडं पोटात, बरंचसं मातीत. शेतकऱ्याचा राग त्याच्या खाण्यावर नसतोच. माळ्यावरून गोफण फिरवता फिरवता म्हातारा ओरडतो, ‘खास ते खाय रे भो, पन सांडस कसाले?’

1972 च्या वन्यजीव कायद्यानं त्याला पिंजऱ्यात ठेवायला बंदी आहे. तरी असा देखणा पक्षी पाहिला की लोकांना पिंजराच का आठवतो, कोण जाणे.

मला काळजी आहे ती वेगळीच. शिवारात आता जिकडेतिकडे कपाशी. तिच्यात टुईयाला चोच मारण्याजोगं काही नाही. हिवाळा सरता सरता तो जुन्या झाडांच्या ढोलीत अंडी घालतो, आणि बांधावरची तसली झाडं कुऱ्हाडीला आधी सापडतात. पळस तेवढे टिकून आहेत. फाल्गुनात त्यांच्या फुलांतला मध चाखायला टुईये येतात, चाखता चाखता निम्मी फुलं खाली पाडतात. सांडायची खोड तिथेही सुटत नाही.

अजून काही घरं भाकरीपुरती, बिबड्यांच्या पापडांपुरती दादर पेरतात. तिथे टुईया न बोलावता हजर असतो.