तंदूरच्या आधीचा धूर

शुक्रवारी रात्री ऑफिसची गँग जमली की तंदुरी काहीतरी मागवलं जातंच. तो 'स्मोकी' स्वाद, रोटीवरचे ते काळपट डाग... क्या बात है! पण तो कोळसा येतो कुठून? परवा एका मित्राने 'खाणीतून' असं बिनधास्त ठोकून दिलं. नाही बॉस! खाणीतला कोळसा वेगळा. तंदूर, बार्बेक्यू आणि कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे असतो तो लाकडाचा कोळसा. आणि तो कुणीतरी हाताने बनवतं.

गेल्या हिवाळ्यात एका स्टोरीसाठी सुधागड तालुक्यातल्या डोंगरात गेले होते. पाली म्हटलं की आपल्याला बल्लाळेश्वर आणि वीकेंडची मस्त ड्राइव्ह आठवते. गाडीरस्ता संपल्यावर तासभर चालत गेलं की तिथलं दुसरं जग दिसतं. पाचोळा आणि मातीने लिंपलेला लाकडांचा मोठा ढीग, त्यातून निघणारा पांढरा धूर, बाजूला प्लास्टिक टाकलेली झोपडी. तीन माणसं आणि एक कोंबडी, एवढीच वस्ती.

भट्टीवरची बाई माझ्याच वयाची, अठ्ठावीसच्या आसपासची. कातकरी. कात करणारे ते कातकरी. खैराच्या लाकडातून कात काढणं हा त्यांचा मूळ धंदा. इंग्रजांनी १८७८ च्या वन कायद्याने जंगलं राखीव करायला सुरुवात केली, आणि ज्या झाडांवर पोट होतं तीच सरकारची झाली. आज राज्यातल्या तीन अतिमागास आदिम जमातींपैकी ही एक. बहुतेकांच्या नावावर जमीन नाही.

कोळसा करणं म्हणजे लाकूड जाळणं नव्हे, ते न जळू देणं. ढिगाला आतून आग द्यायची, पण हवा मोजून मापून. लाकूड धुमसत राहिलं पाहिजे. मातीला भेग पडली, हवा आत शिरली, की आग भडकते. म्हणून रात्रंदिवस पहारा. पांढरा धूर विरळ होऊन निळसर झाला की भोकं बुजवायची आणि भट्टी थंड होऊ द्यायची. पाच-सहा किलो लाकडातून निघतो जेमतेम किलोभर कोळसा.

"ताई, रात्री झोपता कधी?" मी विचारलं.

"झोपून कसं चालंल बाय? भेग पडली की सगळी राख. राखेचं पैसं कोण देतंय?"

मी तिथे तीन तास होते, तर डोळे चुरचुरून डोकं जड झालं. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वासही नसतो. ती त्या धुरात दिवाळीपासून पावसाच्या तोंडापर्यंत राहते. तोंडाला बांधायला पदर, हातमोजे नाहीत. आठ वर्षांचा मुलगा बरोबर. पावसाळ्यात तो वाडीवरच्या शाळेत जातो, नंतर गोणीत कोळसा भरतो.

मग सोडून का देत नाही? तर उचल. पावसात हाताला काम नसतं, घरात आजारपण निघतं, तेव्हा शेठ आगाऊ पैसे देतो. गोणींचा हिशेब शेठच्या वहीत. आठवड्याची खर्ची त्यातूनच कापली जाते. शेवटी बाकी उरते ती तिच्याच अंगावर, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तोच शेठ. आपल्याला जॉब बदलायचा तर महिन्या-दोन महिन्यांचा नोटिस पीरियड. हिचा नोटिस पीरियड उचल फिटेपर्यंत! उचलीच्या बदल्यात माणसाला असं अडकवून ठेवणं म्हणजे वेठबिगारी, आणि १९७६ च्या कायद्याने तो गुन्हा आहे. सुटका झालेल्यांच्या पुनर्वसनासाठी सरकारी योजनाही आहे. पण त्यासाठी आधी कुणीतरी हिला वेठबिगार म्हणायला हवं. वहीत ती 'मजूर' आहे.

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातल्या लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. पाठोपाठ महापालिकेने कोळशाचा तंदूर लावणाऱ्या हॉटेलांनाही नोटिसा पाठवल्या. छानच झालं. मुंबईची हवा आपण सगळेच खोकत खोकत घेतोय. आमच्या ग्रुपवर यावर चर्चाही रंगली. इलेक्ट्रिक तंदूरला ती चव येणार का, बिल वाढणार का, वगैरे. धूर आपल्या नाकाशी आला तेव्हा तो प्रदूषण ठरला. डोंगरात तो कधीपासून आहे, हे त्या चर्चेत कुणालाच सुचलं नाही.

मी तिला ही बातमी सांगितली. शहरातले कोळशाचे तंदूर बंद होतायत म्हटलं. वाटलं, घाबरेल किंवा सुटल्यासारखं तरी वाटेल. ती भट्टीवरची भेग चिखलाने बुजवत राहिली.

"मग शेठ इटांच्या भट्टीवर पाठवंल," ती म्हणाली. "उचल तर घेतलीय ना."

तंदूर बदलायला हॉटेलवाल्यांना मुदत मिळाली, नोटिसा मिळाल्या, पर्याय सांगितले गेले. कोळशाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या बाईलाही तेवढंच हवं आहे. वहीतली बाकी पुसली जाणं, दिवाळीनंतर वाडीवरच काम मिळणं, २००६ च्या वन हक्क कायद्याने मिळू शकणारा जमिनीचा तुकडा तिच्या नावावर होणं. मुलाची शाळा मग बाराही महिने चालू राहील.