दाणा नव्हता तेव्हाचं न्हाणं

बहात्तरला दाणा नव्हता, पण विहिरीला पाणी होतं. २०१३ ला दाणा होता, पण पाणी नव्हतं. जालन्याकडची साठी ओलांडलेली माणसं दोन्ही दुष्काळ असेच शेजारी ठेवून बोलतात. बोलणं खरं आहे, पण त्यात बायकांच्या अंगावरून काय गेलं ते येत नाही. पहिल्या दुष्काळात आम्ही अर्धपोटी होतो, तरी न्हालेल्या होतो. दुसऱ्यात पोटाला होतं आणि डोक्याला आठ-आठ दिवस पाणी लागत नव्हतं.

१९७२ साली जालना हा औरंगाबाद जिल्ह्यातला तालुका होता. जिल्हा झाला १ मे १९८१ ला. बहात्तरला मी शाळकरी पोर. माय पाझर तलावाच्या कामावर माती वाहायची, नाहीतर खडी फोडायची. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभर दुष्काळी कामांवर ५० लाखांच्या आसपास माणसं होती, हे मोठेपणी वाचलं. तेव्हा मला कळत होती ती लेकरांना मिळणारी सुकडी, आणि रेशनवरची अमेरिकेतून आलेली लाल मिलो. तिची भाकर थापतानाच चिरायची. ती भूक परत यावी असं माझ्या पिढीतल्या कुणालाही वाटणार नाही.

परत यावी वाटते ती काम सुटल्यावरची घटकाभर वेळ. बायका थेट घरी जात नसत. वाटेवरच्या विहिरीपाशी थांबत. कुणी वजरीनं टाचा घासायची, कुणी खडीनं सोललेल्या बोटांवर हळद दाबायची. मग एकीमागं एक बसून फणी फिरायची. करडईचं तेल घरातून कधीच संपलेलं, शिकेकाई विकत घेणं सुटलेलं. तिच्या जागी शेतातली काळी माती आली. चाळून, रात्रभर भिजवून ती केसांना चोळायची. केस मऊ निघायचे. मी एकदा कंटाळून म्हटलं, पोटात काही नाही अन् कशाला हे? माय म्हणाली, “पोट रिकामं हाय म्हणून डोक्यात जट होऊ द्यायची का माय? बस हितं.” त्या घटकेत तिला कुणी हाक मारत नसे. चूल, लेकरं, मुकादम, सगळं विहिरीच्या काठापलीकडं राही.

आता त्या विहिरींना पाणी का होतं, तेही सांगायला हवं. उपसा थोडा होता. बऱ्याच ठिकाणी मोटच चालायची, विजेचे पंप मोजके. खोल पाण्याला हात घातला तो पुढच्या वर्षांनी, आणि त्या गोष्टीचं एक टोक जालन्यातच आहे. इथल्या स्कॉटिश मिशनच्या लोकांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस बोअरवर बसणारा दणकट हातपंप घडवला. ‘जालना पंप’ म्हणूनच तो ओळखला गेला. त्यावरून सोलापूरचा पंप निघाला आणि पुढं युनिसेफच्या साथीनं इंडिया मार्क टू, जो देशभर, देशाबाहेरही गेला. गावात हापसा आला तेव्हा बायांच्या डोक्यावरचा हंडा अर्ध्या वाटेनं कमी झाला. त्या हापशाचे उपकार मी विसरणार नाही. पण त्याच्यामागोमाग मोटारी लावलेले बोअर आले, मोसंबीच्या बागा वाढल्या, आणि पाणी दर वर्षी खाली खाली गेलं.

२०१२ च्या पावसानं दगा दिला आणि पुढच्या उन्हाळ्यात त्या बागा उभ्या वाळल्या. निजामाच्या काळात बांधलेल्या घाणेवाडी तलावानं जालना शहराला पिढ्यानपिढ्या पाजलं होतं. त्याचा तळ उघडा पडला. मी तोवर शहरात नांदत होते. दारात टिपाड, पिण्याला विकतचे जार, आणि कान सदा टँकरच्या भोंग्याकडं. परातीत बसून तांब्याभर पाण्यानं अंग धुवायचं, तेच पाणी फडक्यांना, तेच शेवटी संडासात. माझ्या जावेनं कमरेएवढे केस खांद्यापर्यंत कापून घेतले आणि दोन दिवस कुणाशी बोलली नाही. पाळीच्या दिवसांत ओल्या फडक्यावर भागवणं म्हणजे काय, हे त्या वर्षी सुनांनीही पाहिलं. सगळ्यांत वाईट सवय लागली ती पाणी कमी पिण्याची. बायका लघवीला जावं लागू नये म्हणून घोट गिळून ठेवायच्या. मग जळजळ, ताप, दवाखाना. मी घरात नियम केला: केस मळले तरी चालतील, फरशी राहिली तरी चालेल, पिण्याचा तांब्या कुणी आखडायचा नाही.

टँकरभोवतीही बायकांचा घोळकाच असायचा. पण तिथं नजर पाइपावर, हात हंड्यावर. कुणी कुणाचं डोकं पाहिलं नाही. अंगाची निगा दाराआड गेली, एकेकटीची झाली. माझ्या मते २०१३ नं आमच्याकडून पाण्याइतकंच हेही नेलं. पुढं जायकवाडीच्या जलवाहिनीनं शहराला आधार दिला, तरी नळाची पाळी दिवसागणिक झाली नाही. २०२० च्या टाळेबंदीत दर तासाला हात धुवा म्हणून सांगत होते, तेव्हा आमच्या गल्लीत हात धुतलेलं पाणी बादलीत साठत होतं. ती सवय आम्हाला कुणी शिकवावी लागली नाही.

जवळच्याच कडवंची गावानं पाणलोटाची कामं करून, शेततळी खोदून २०१३ चा दुष्काळ द्राक्षांसकट निभावला. तिथल्या हिशेबाबद्दल बोलताना लोक एकरी उत्पन्न सांगतात. माझं मन तिथल्या न्हाणीघरांकडं जातं.

आजही मंठा, अंबड, घनसावंगीकडून दिवाळीनंतर ऊसतोडीच्या गाड्या निघतात. फडाशेजारच्या कोपीत न्हाणी नसते. बाया पहाटे तांबडं फुटायच्या आत जुन्या लुगड्याचा आडोसा धरून अंग धुतात. एकीनं धरायचा, दुसरीनं उरकायचं. टँकर किती, चारा छावण्या किती, हे प्रशासन दर उन्हाळ्याला कागदावर मांडतं. त्याच कागदावर बायकांच्या न्हाणीचा रकाना असावा, कोपीपाशी चार पत्रे आणि पाण्याची एक टाकी असावी, हे मला कुठल्याही अधिकाऱ्यासमोर बोलायची तयारी आहे.