नवी आवृत्ती? थांबा जरा!

मोबाइल बदलताना आपण फारसा विचार करत नाही. पण ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची नवी नियमपुस्तकं घ्यायची का, यावर आमच्या पाच जणांच्या ग्रुपमध्ये तीन शनिवार नुसता वाद झाला!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : टेबलाभोवती बसून, फासे टाकत गोष्ट रचायचा हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत आला. आम्ही खेळतो ते पाचव्या आवृत्तीचे, २०१४चे नियम. २०२४ मध्ये त्यांची सुधारित आवृत्ती आली. बदल मस्त आहेत. जखमा भरणाऱ्या ‘क्युअर वूंड्स’ मंत्राला आधी आठ बाजूंचा एक फासा मिळायचा, आता दोन मिळतात. औषधाची बाटली प्यायली तरी त्याच पाळीत तलवारही चालवता येते.

मग अडलं कुठे? चार वर्षं चाललेल्या आमच्या गोष्टीत. कॅरॅक्टर्स नव्याने बांधायची म्हटलं, तर त्यातच दोन शनिवार जाणार. आणि आमच्या जखमा भरणारी मैत्रीण नोकरीसाठी कॅनडाला चाललीये. हातात उरलेत जेमतेम आठ शनिवार, त्यातही कुणाची तरी डेडलाइन असतेच!

मी ग्रुपची सूत्रधार, म्हणून शेवटी मीच ठरवलं. ही गोष्ट जुन्या नियमांनीच संपवायची. फक्त तिच्या मंत्राला दुसरा फासा आत्तापासूनच द्यायचा. नवी पुस्तकं नंतर, नव्या गोष्टीसाठी. पुस्तकं काय, तेव्हाही मिळतील. पाचही जण एका टेबलाभोवती मिळतील का, सांगा!