कातळावरचं चार महिन्यांचं घर

मुलांनो, खारघरचा डोंगर मे महिन्यात पाहिलाय का? करपलेलं पिवळं गवत, मधूनमधून काळा कातळ. एखादा पाहुणा गच्चीवरून बघतो आणि म्हणतो, "किती ओसाड! झाडं लावायला हवीत इथं."

त्या पाहुण्याला जुलैत पुन्हा बोलवा.

हा डोंगर म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा थंड झालेला दगड. वरच्या सपाटीवर कित्येक ठिकाणी माती किती, तर तुमच्या कंपासपेटीच्या उंचीएवढी! मोठ्या झाडाची मुळं खाली जाणार कशी? त्यातून पावसाळ्यात चार महिने धो धो पाणी आणि उरलेले आठ महिने तापलेला तवा. अशा जागी राहायचं तर एकच युक्ती: पाऊस आला की घाईघाईनं उगवायचं, फुलायचं, बी टाकायचं आणि गप्प बसायचं. तेरडा हेच करतो. त्याची पिकलेली शेंग बोटानं नुसती हलवा, फट्कन फुटून बिया उडतात. फोडशीची तऱ्हा वेगळी. ती जमिनीखाली मुळांत अन्न साठवून झोपते आणि पहिल्या पावसात हिरवी पाती वर काढते. डोंगरावरच्या चाफेवाडी किंवा फणसवाडीतल्या एखाद्या आजीला विचारा, फोडशीची भाजी कशी करायची ते अगदी साग्रसंगीत सांगेल. (आमच्याकडे ती डाळ घालून करतात. मेथीपेक्षा मला तीच आवडते!)

याच युक्तीचा मोठा संसार पाहायचा असेल तर साताऱ्याजवळच्या कास पठारावर जायला हवं. ते समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंचावर आहे. तिथं काळ्या दगडाचा पावसानं झिजून झिजून तांबडा जांभा झालाय. पाण्याबरोबर मातीतलं खतही वाहून जातं. मग झाडांनी खायचं काय? दवबिंदू नावाची इवलीशी वनस्पती चिकट थेंबांत किडे पकडते. 'सीतेची आसवे' हे निळं-जांभळं फूल दिसायला किती गरीब! पण त्याच्या झाडाला बारीक पिशव्या असतात आणि त्या पाण्यातले सूक्ष्म जीव गिळतात. डबक्यात वायतुरा उगवतो. त्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे. २०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हटलं, त्यात कासही आहे.

डोंगरउतारावर माती जरा जास्त असते, तिथं सह्याद्रीत कारवी वाढते. ती आठ वर्षांनी एकदाच फुलते. मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात २०१६ मध्ये फुलली, मग २०२४ मध्ये. पुढचा बहर साधारण २०३२ मध्ये येईल. तेव्हा तुम्ही कितवीत असाल, मोजा बघू!

आता पाहुण्याच्या सूचनेकडे वळू. माझ्या वर्गातल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, झाडं लावणं चांगलंच असतं ना?" शाळेच्या आवारात, रस्त्याकडेला, उघड्या पडलेल्या जंगलात नक्कीच चांगलं. पण कातळावर खड्डे फोडून बाहेरची माती भरली आणि गिरिपुष्पासारखी भराभर वाढणारी झाडं लावली, तर काय होईल? सावली पडेल, पाला साचेल, माती कसदार होईल. मग जिथं तिथं उगवणारं रान तिथंही माजेल. तेरड्याला, सीतेच्या आसवांना उपाशी राहायची सवय आहे, गर्दीत दबून राहायची नाही. ती हळूहळू नाहीशी होतील. सरकारी कागदांत अशा माळांना कितीदा 'पडीक' म्हटलेलं असतं. मला तो शब्दच पटत नाही.

पावसात पांडवकड्याच्या धबधब्याखाली मात्र जाऊ नका, तिथं माणसं वाहून गेली आहेत. मोठ्यांबरोबर सपाटीवरच फिरा. आणि उन्हाळ्यात वर गेलात तर पाय जपून टाका. टिटवी उघड्या खड्यांतच अंडी घालते, आणि ती खड्यांसारखीच दिसतात. ती डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली, की समजा, अंडी तुमच्या पायाजवळच कुठंतरी आहेत.