साओ बेंतो ते कारांदिरू

ब्राझीलच्या साओ पाउलो शहरात निळ्या मार्गाची मेट्रो धरली, की साओ बेंतोपासून पाचवे स्थानक कारांदिरू. अंतर थोडेच. पण तिथल्या काळ्या कष्टकऱ्यांच्या गाण्याचा मोठा इतिहास या दोन स्थानकांशी जोडलेला आहे.

ब्राझीलने गुलामगिरी रद्द केली १३ मे १८८८ रोजी, साऱ्या अमेरिका खंडात सर्वांत शेवटी. महात्मा फुल्यांचा 'गुलामगिरी' हा ग्रंथ १८७३ साली निघाला, तेव्हा तिथे माणूस विकणे कायदेशीर होते! मुक्त झालेल्यांना ना जमीन मिळाली, ना भरपाई. त्यांच्यातल्या कितीकांची लेकरे-नातवंडे शहराच्या कडेला विटा-पत्र्यांच्या वस्त्यांत राहिली. अशा वस्तीला तिथे फावेला म्हणतात.

१९८० नंतरच्या दशकात गरीब वस्त्यांतली पोरे साओ बेंतो स्थानकात नाचायला जमत. ढोल कुठून आणणार? कचऱ्याच्या डब्यावरच ताल धरायचा. त्यातूनच १९८८ च्या सुमारास मानो ब्राऊन, आइस ब्लू, एडी रॉक आणि केएल जे या चौघांचे 'रासियोनाइस एमसीज' हे पथक उभे राहिले. रॅप म्हणजे ठेक्यावर बोललेले कवन. गोड गळा नसला तरी चालतो, सांगण्यासारखे काही असावे लागते. त्यांच्याकडे ते भरपूर होते. पोलिसांची झडती, बेकारी, गोळीने गेलेला मित्र.

कारांदिरूला मोठा तुरुंग होता. २ ऑक्टोबर १९९२ रोजी कैद्यांत भांडण पेटले, पोलीस आत शिरले आणि १११ कैदी ठार झाले. पोलीस एकही मेला नाही. याच तुरुंगात कैद भोगलेल्या जोसेनिर यांच्या लिखाणावरून मानो ब्राऊनने 'एका कैद्याची रोजनिशी' हे गाणे रचले. १९९७ साली ते पथकाच्या स्वतःच्याच कंपनीने काढलेल्या ध्वनिमुद्रिकेत आले आणि देशभर गेले. पुढे सत्तरहून अधिक पोलिसांना शिक्षा झाली खरी, पण डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारो यांनी माफी देऊन टाकली.

त्याच ध्वनिमुद्रिकेतील गाणी काम्पिनासच्या सरकारी विद्यापीठाने २०२० च्या प्रवेश परीक्षेसाठी नेमली. ज्या पोरांना शाळा अर्धवट सोडावी लागते, त्यांच्या वस्तीतले बोल परीक्षेला!

तुरुंगाच्या इमारती २००२ पासून पाडल्या गेल्या. तिथे आता उद्यान आहे, सार्वजनिक ग्रंथालय आहे. मेट्रो पूर्वीसारखीच शेजारून धडधडत जाते. गाण्यातला कैदी हीच गाडी आतून पाहत असतो.