हाडाची काडे

दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरी आत्याबाईंच्या लुगड्याचा घोळ वर्षागणिक पायांत येऊ लागला होता. आम्ही थट्टेने म्हणत असू, "आत्याबाई, तुम्ही जमिनीकडे निघालात." त्याही हसत. मणक्यांची हाडे दबून त्यांची उंची घटते आहे, हे आमच्यापैकी कोणाच्याही ध्यानी आले नाही.

हाड म्हणजे निर्जीव खुंटी, अशीच आमची समजूत. वस्तुतः ते अखंड चाललेले बांधकाम आहे. अस्थिजनक पेशी आधी कोलॅजेन या प्रथिनाचे धागे घालतात. मग त्यांवर कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचे स्फटिक बसतात. चिवटपणा धाग्यांचा, कठीणपणा स्फटिकांचा. बांधता बांधता काही पेशी स्वतःच त्या भिंतीत चिणल्या जातात (आम्हांला येथे दंतकथांतले बुरूज आठवतात), परंतु मरत नाहीत. सूक्ष्म नलिकांतून एकमेकींशी संधान ठेवून भार कोठे पडतो आहे याची खबर त्या देत राहतात. दुसरीकडे अस्थिभंजक पेशी जुने हाड विरघळवीत असतात. प्रौढपणी दरसाल सुमारे १० टक्के सांगाडा असा नवा होतो.

पाळी थांबल्यावर स्त्रीच्या शरीरातले इस्ट्रोजेन घटते आणि पाडणाऱ्यांचा हात बांधणाऱ्यांवर वरचढ होतो. त्यात आत्याबाईंनी भावाच्या संसारात हाडाची काडे केलेली. दूध आम्हां मुलांना, स्वतःला कोरा चहा.

एके पहाटे त्या न्हाणीघरात पडल्या. मांडीच्या हाडाची मान मोडली. तेथील रक्तपुरवठा तुटला की हाड सांधणे कठीण, म्हणून डॉक्टरांनी धातूचा गोळा बसविला. पुढे दोन वर्षे त्या काठी घेऊन चालल्या. लुगड्याच्या थट्टेचा विषय मात्र घरात पुन्हा कोणी काढला नाही.

अस्थी वेचावयास आम्ही तिसऱ्या दिवशी गेलो. अग्नीत धागे जळून जातात, मागे राहतात ते केवळ क्षार. म्हणूनच पांढरा तुकडा बोटांत धरताच भुगा झाला. मडक्याला फडके बांधून ते आम्ही चाणोदला नर्मदेत सोडले. राखेत तो धातूचा गोळाही सापडला होता. तो अस्थींत धरावा की नाही, यावर भावंडांत एकमत झाले नाही. तो अजून देवघराखालच्या फडताळात आहे.